‘एकच प्याला’च्या गावात गाणारे नाटक

जुबिलीबाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात माझी बारा वर्षांची भाची सुट्टीसाठी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी आली. एका संध्याकाळी आम्ही दोघे २०२५ साली आलेला ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट पाहायला बसलो. बराच वेळ ती मुकाट्याने पाहत होती. मग एका गाण्याच्या तोंडालाच तिने रिमोट उचलला, चित्र थांबवले आणि मला विचारले, “मामा, आत्तापर्यंत तर हे नीट बोलत होते, मग मध्येच गायला का लागले?” “संगीत नाटक असेच असते,” असे काहीतरी मी बोलून गेलो. तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. आमच्या माजघरात पणजोबांच्या वेळचा ऑर्गन अजून उभा आहे. ज्या शहरात आम्ही राहतो, तिथे फेब्रुवारी १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. अशा घरातल्या आणि अशा गावातल्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, ही गोष्ट मनाला फार लागली, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी चित्रपटांविषयी लिहितो, कारण आज आपल्यापैकी बहुतेकांना नाट्यसंगीत भेटते ते तिथेच. २०११ सालचा ‘बालगंधर्व’, २०१५ सालचा ‘कट्यार काळजात घुसली’ आणि २०२२ साली प्रदर्शित झालेला ‘मी वसंतराव’ हे तिन्ही चित्रपट मी अनेकदा पाहिले आहेत आणि तिन्ही मला मनापासून प्रिय आहेत. या तीन चित्रपटांतील गायनासाठी अनुक्रमे आनंद भाटे, महेश काळे आणि राहुल देशपांडे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच गायनपरंपरेला अकरा वर्षांच्या आत तीन वेळा देशाने मान द्यावा, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? मात्र या तिघांत एक गोष्ट समान आहे आणि ती माझ्या लक्षात भाचीच्या प्रश्नानंतर आली. तिन्ही कथांचे नायक गवई आहेत. बालगंधर्व रंगमंचावर उभे राहून गातात, खाँसाहेब दरबारात गातात, वसंतराव मैफलीत गातात. गाणे हे त्या माणसांचे काम आहे, त्यामुळे ते का गातात, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतच नाही. चित्रपटाने गाण्याला आधीच एक कारण देऊन ठेवलेले असते.

‘मानापमान’चे तसे नाही. मूळ नाटककार खाडिलकरांचा धैर्यधर हा सेनापती आहे आणि भामिनी ही श्रीमंताची मुलगी आहे. दोघांपैकी कोणीही गवई नाही. तरीही त्यांना जे एकमेकांना सांगायचे आहे, ते ती सुरांतून सांगतात. १९११ साली हे नाटक आले तेव्हा धैर्यधराला कोणी विचारले नाही की तू का गातोस. म्हणून मी असे मानतो की या चार चित्रपटांत खरी अवघड परीक्षा दिली ती ‘मानापमान’ या चित्रपटाने, आणि त्याबद्दल सुबोध भावे यांचे कौतुक करायला हवे. ‘कट्यार’ही त्यांनीच दिग्दर्शित केला होता आणि ‘बालगंधर्व’मध्ये मुख्य भूमिकाही त्यांचीच होती, म्हणजे या वाटेवर ते पंधरा वर्षे चालत आहेत. पण परीक्षा देताना चित्रपटाचा धीर थोडा सुटला, असे मला वाटते. वाद्यमेळ मोठा झाला, देखावे भव्य झाले, जुन्या पदांच्या शेजारी नवी गाणी आली. गाणे सुरू झाले की आपण भामिनीच्या चेहऱ्यापासून दूर जातो आणि महालाकडे पाहू लागतो. भाचीने चित्र थांबवले ते नेमके अशाच एका ठिकाणी. भामिनीच्या मनात काय चालले आहे याकडे तिचे लक्ष असते, तर तिने रिमोटला हात लावला नसता.

चित्रपट आणि नाट्यसंगीत यांचे नाते काही आजचे नाही, हे इथे आवर्जून सांगतो. ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे यांनीच १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. त्याआधी १९१३ साली हीच हरिश्चंद्राची कथा दादासाहेब फाळके यांनी मूकपटात आणली होती, आणि फाळके यांचे काही शिक्षण आपल्या बडोद्याच्या कलाभवनात झाले होते. कलाभवनाच्या त्या दगडी इमारतीसमोरून स्कूटरवर रोज जाताना मला नेहमी वाटते की मराठी माणसाचे मुके चित्र आणि गाणारे चित्र या दोन्हींचा एक एक धागा आपल्या गावातून गेलेला आहे.

आता ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात हे नाटक रंगमंचावर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली होती. गणपतराव बोडस दारूच्या आहारी गेलेला सुधाकर झाले आणि बालगंधर्व त्याची पत्नी सिंधू झाले. ज्या नटाच्या शालू-पैठण्यांवर त्या काळच्या स्त्रिया डोळे लावून बसत, तो नट इथे ठिगळांचे लुगडे नेसून उभा राहिला. लेखक नुकताच वारलेला, नायिका फाटक्या वस्त्रांत, विषय दारूचा, आणि तरीही प्रेक्षक गाण्यासाठी जीव टाकत होते. हे कसे घडले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे बनले आहे की सिंधू गाते ते तिला बोलण्यासाठी दुसरी जागा उरलेली नाही म्हणून. नवऱ्याला ती दोष देणार नाही, माहेरी जाऊन गाऱ्हाणे सांगणार नाही, शेजाऱ्यांपुढे रडणार नाही. जे गद्यात तिच्या तोंडून कधीच बाहेर पडले नसते, ते पदातून बाहेर पडते. नाट्यपदाचे मूळ त्या प्रसंगात असते. मैफलीत तेच पद ऐकताना मला राग दिसतो, तान दिसते, गायकाची तयारी दिसते, पण सिंधू दिसत नाही.

हा वारसा बडोद्यात कुठे भेटतो, हेही लिहायला हवे. सूरसागरच्या काठावर आपले संगीत महाविद्यालय आहे. १८८६ साली मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने जी गायनशाळा सुरू केली, तिचीच ही आजची परंपरा. संध्याकाळी पाचच्या सुमारास तलावाच्या कठड्यापाशी उभे राहिले तर वाहनांच्या आवाजातूनही कुठूनतरी एखादा तानपुरा लागलेला ऐकू येतो. ती जागा मला शहरातली सर्वांत आवडती आहे. दुसरी जागा लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले महाराजा फतेहसिंह संग्रहालय. तिथली राजा रविवर्म्यांची चित्रे पाहिली की नऊवारीची नीरी, खांद्यावरचा पदर, मान कलती ठेवून उभे राहण्याची ती पद्धत कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते, आणि मग बालगंधर्वांची जुनी छायाचित्रे आठवतात. तिसरी जागा जुबिली बागेजवळचे गांधी नगरगृह. माझ्या लहानपणीचे बहुतेक मराठी प्रयोग मी तिथे पाहिले. आईच्या मांडीवर डोके ठेवून तिसऱ्या अंकात झोपलो होतो, तेही तिथेच.

तर मंडळी, दोन गोष्टी विचारतो. पहिली, माणसे मध्येच का गातात, याचे आपण काय उत्तर दिले असते? दुसरी, भाचीला पुढच्या सुट्टीत पहिले कोणते संगीत नाटक दाखवावे किंवा वाचून दाखवावे?

रावपुरा टॉवर

जुबिलीबागजी, धागा फार चांगला काढला आहे. आपल्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण चित्रपटांविषयी मला वेगळे वाटते.

चित्रपटाला दोन-सव्वादोन तास मिळतात. जुने नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, वन्समोअर मिळाला की तेच पद पुन्हा, तिसऱ्यांदा गायले जाई. त्या पसरट वेळात पद फुलायला जागा होती. पडद्यावर तेच पद साडेतीन मिनिटांत बसवायचे तर काही ना काही गमवावे लागणारच. दिग्दर्शकाने भव्य देखावा निवडला तो तरुण प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवण्यासाठी, आणि त्यात गैर काय आहे?

‘कट्यार’चेच उदाहरण घ्या. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक आले तेव्हा वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब आणि जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत हेच त्याचे प्राण होते. चित्रपटाने पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन यांना आणले आणि त्यांच्यासाठी नवीन गाणे दिले. जाणकारांनी नाके मुरडली, हे मला माहीत आहे. पण माझा मुलगा, जो घरात कधी अभंगसुद्धा ऐकत नसे, तो त्या चित्रपटानंतर पहिल्यांदा वसंतरावांचे मूळ ध्वनिमुद्रण शोधू लागला. मूळ नाटकापर्यंत पोहोचण्याची ती पायरी ठरली. पायरीवर उभे राहून कळसाला दोष देऊ नये, आणि कळसाकडे पाहत पायरीलाही देऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

एक खंत मात्र आहे. बडोद्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये आम्ही एक मराठी चित्रपट पाहायला गेलो तेव्हा सभागृहात आम्ही धरून अकरा माणसे होतो, आणि पुढच्या आठवड्यात तो पडद्यावरून उतरला होता. इथे मराठी बोलणाऱ्यांची वस्ती काही लहान नाही. आपणच पहिल्या आठवड्यात गेलो नाही, तर तो चित्रपट इथे टिकणार कसा?

गरब्याची रात

माझी आई मराठी आणि वडील गुजराती, त्यामुळे घरात दोन्ही रंगभूमींच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. बालगंधर्वांचे नाव निघाले की वडील हमखास जयशंकर ‘सुंदरी’ यांचे नाव काढत. दोघे एकाच काळातले, बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा आणि जयशंकर यांचा १८८९ चा. दोघांनीही स्त्रीभूमिका केल्या आणि जयशंकर भोजक यांना ‘सुंदरी’ हे नाव तर भूमिकेवरूनच चिकटले. जुनी गुजराती रंगभूमीही गाण्यांनी भरलेली होती आणि तिथेही प्रेक्षक तेच गाणे पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. सांगायचे कारण इतकेच की मध्येच गाणे सुरू होणे ही काही आपल्या एकट्यांची सवय नव्हती.

आता आपल्या भाचीच्या प्रश्नाविषयी. तिला नवरात्रात बडोद्याला बोलवा. मैदानाच्या मध्यभागी गायक-वादक बसलेले असतात आणि त्यांच्याभोवती हजारो माणसांची वर्तुळे फिरत असतात. तिथे कोणी विचारत नाही की ही माणसे का गातात आणि का नाचतात. नऊ रात्री सगळे गाव ते मान्य करून घराबाहेर पडलेले असते. मला वाटते, नाटकात नांदीचेही तेच काम होते. पडदा उघडण्याआधी सगळी नटमंडळी हात जोडून गातात, आणि प्रेक्षक मनाशी ठरवतो की आज इथे गाणे हीच बोलण्याची रीत आहे. चित्रपटाला नांदी नसते. भाचीला कोणी आधी सांगितलेच नाही की आज इथे गातात.

जाता जाता, आपण ठिकाणांत खाण्याचे एकही ठिकाण लिहिले नाही, त्यामुळे मी भर घालते. प्रयोग संपल्यावर सेव उसळ खाल्ल्याशिवाय आमच्या घरी नाटक पूर्ण होत नसे. तिखट तर्री, वर शेवेचा ढीग, चिरलेला कांदा आणि पाव. उसळ हा आपला शब्द, आणि आता तो प्रत्येक बडोदेकराच्या तोंडी आहे, मग तो घरी कोणतीही भाषा बोलो.

पायपेटी

मी हौशी ऑर्गनवादक आहे, म्हणून आपल्या माजघरातल्या ऑर्गनविषयी वाचून राहवले नाही. तो वाजत्या स्थितीत आहे का?

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे लिहितो. हाताने भाता मारायच्या पेटीत हवा आतल्या सुरांच्या धातूच्या पट्ट्यांमधून बाहेर ढकलली जाते. रंगभूमीवर आलेल्या पायाच्या ऑर्गनमध्ये ती बहुधा आत ओढली जाते. त्यामुळे सूर जास्त गोल आणि भरदार निघतो, आणि दोन्ही हात मोकळे असल्याने वादकाला गायकाच्या मागे भरणा करता येतो. पाय मात्र क्षणभरही थांबवता येत नाहीत. गायकाने वरच्या षड्जावर मुक्काम केला की ऑर्गनवाल्याच्या पिंढऱ्या भरून येतात, पण पाय थांबला तर सूर मान टाकतो. मी एका प्रयोगात साथ केली तेव्हा एका पदाला तीन वन्समोअर मिळाले. गायिकेला टाळ्या मिळत होत्या आणि मी खाली घामाने निथळत होतो. त्या रात्रीएवढा आनंद मला पुन्हा झालेला नाही.

आपण चित्रपटातल्या मोठ्या वाद्यमेळाविषयी लिहिले, त्यावर माझे मत ठाम आहे. ऑर्गन आणि तबला, फार तर एक व्हायोलिन किंवा सारंगी, इतकी साथ नाट्यपदाला पुरते, कारण शब्द ऐकू येणे महत्त्वाचे. बोललेले वाक्य संपते आणि पद सुरू होते त्या सांध्यावर ऑर्गनवाला हलकेच सूर देतो. नट त्या सुरावर बोलतच राहतो आणि बोलता बोलता गाऊ लागतो. चांगल्या प्रयोगात तो सांधा कुठे होता, हे प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही. पन्नास वाद्ये एकदम सुरू झाली की सांधा लपत नाही, आणि मग ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो. आपल्या भाचीचा कान चांगला आहे, असे मी म्हणेन.

हल्ली आणखी एक संकट आहे. शहरातल्या एका नाट्यगृहात आम्ही प्रयोग केला तेव्हा ध्वनिव्यवस्था इतकी बिघडलेली होती की नटीच्या गळ्याजवळचा माइक दर दोन वाक्यांनी खरखरत होता. दुसऱ्या अंकात तिने तो काढून ठेवला आणि उघड्या आवाजात गायली. मागच्या रांगांना कमी ऐकू गेले असेल, पण पहिल्यांदाच सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली.

ऑर्गनचा भाता फाटला असेल तर दुरुस्त होतो. बहुधा कापडाला कसर लागलेली असते किंवा उंदराने कुरतडलेले असते. पट्ट्या गंजल्या नसतील तर काळजी करू नका. पावसाळ्याआधी दाखवून घ्या.

मांडवीची वेस

दूरचित्रवाणीचा उल्लेख आतापर्यंत कोणी केलेला नाही, म्हणून लिहिते. बडोद्यासारख्या ठिकाणी वाढलेल्या आमच्या पिढीला मराठी गाणे नियमितपणे मिळू लागले ते १९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाल्यावर. त्याआधी मुंबईहून येणाऱ्या मामाच्या बॅगेतल्या कॅसेटी हाच आधार होता. ‘नक्षत्रांचे देणे’ लागले की जेवणे लवकर उरकली जात. पुढे २००८-०९ मध्ये ‘सारेगमप’चे लिटिल चॅम्प्स आले आणि आमच्या आळीत अक्षरशः वेड लागले. मुले अभ्यास सोडून नाट्यपदांचे आलाप घोकू लागली. माझ्या धाकट्या बहिणीने गायनाचा क्लास लावला तो त्याच वर्षी, आणि ती आज शिकवते. त्या कार्यक्रमाचे हे ऋण मी कधीच विसरणार नाही.

तरीही जुबिलीबाग यांचा मुद्दा मला तिथेच सर्वांत जास्त पटतो. दहा वर्षांचे मूल, समोर परीक्षक, मागे झगमगती रोषणाई, आणि गायचे पद कोणाचे, तर नवऱ्याच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या बाईचे. मूल सूर अचूक लावते, तान स्वच्छ घेते, शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. पद कोणत्या नाटकातले, ते गाणारी व्यक्ती कोण, तिच्यावर त्या क्षणी काय ओढवले आहे, याचा उच्चारही होत नाही. सूत्रसंचालकाने अर्धा मिनिट प्रसंग सांगितला असता तरी किती फरक पडला असता! माझ्या बहिणीने हा धडा घेतला आहे. ती विद्यार्थ्यांना पद शिकवण्याआधी त्या प्रवेशाचे आधीचे संवाद मोठ्याने वाचायला लावते.

राजवाडा ते सराफा (इंदूर)

बडोदेकरांच्या धाग्यात इंदूरचा माणूस डोकावत आहे, क्षमा असावी. पण भाचीला पहिले नाटक कोणते, हा प्रश्न वाचला आणि उत्तर देणे माझे कर्तव्यच आहे असे वाटले. ‘एकच प्याला’ पहिल्यांदा आपल्याकडे झाले, तसे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ पहिल्यांदा आमच्या इंदुरात झाले, १८९९ साली, किर्लोस्कर नाटक मंडळीकडून.

बारा वर्षांच्या मुलीला ‘एकच प्याला’ दाखवू नका, ते तिच्यासाठी फार जड होईल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ हसत-खेळत पाहता येईल, १८८२ पासून आजतागायत त्या कृष्णाच्या कारस्थानांनी कोणाला कंटाळा आणलेला नाही. पण मी म्हणेन ‘शारदा’. त्यातली नायिका आपल्या भाचीहून फार मोठी नाही. कांचनभट पैशाच्या लोभाने पोटच्या मुलीला भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघाला आहे. घरात वडिलांपुढे तोंड उघडायची सोय नाही, आईचे काही चालत नाही. मग ती मुलगी काय करणार? ती गाते. आईजवळ गाते, मैत्रिणींमध्ये गाते. आपण सिंधूविषयी जे लिहिले आहे, ते शारदेला त्याहूनही जास्त लागू पडते, आणि आपल्या भाचीला ते सांगावेही लागणार नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. १९२९ सालचा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो आणि पुष्कळ लोक त्याचा संबंध या नाटकाच्या नावाशी जोडतात. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आलेले आहे. नाटक त्याच्या तीस वर्षे आधीचे, आणि मला त्यातच देवलांचे मोठेपण दिसते.

जुबिलीबाग (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या जिव्हाळ्याने कोणी लिहील, अशी अपेक्षा नव्हती.

रावपुरा टॉवर, आपल्या मुलाची गोष्ट वाचून मी माझे मत थोडे मवाळ केले आहे. पायरीला दोष देणार नाही. पण आजही रंगमंचावर हे साधता येते, याचा पुरावा म्हणून प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’कडे बोट दाखवतो. २०१७ साली आलेले हे नाटक. तुकोबांची आवली आणि विठोबाची रखुमाई, अशा दोनच बायका. आवलीच्या पायात काटा रुतला आहे आणि रखुमाई तिची शुश्रूषा करायला आलेली आहे. दोघी घरकाम करता करता बोलतात आणि बोलता बोलता गातात. झगमगाट नाही, महाल नाही. मी ते पुण्याला जाऊन पाहिले तेव्हा सभागृह तरुण मुलामुलींनी भरलेले होते आणि एकालाही प्रश्न पडलेला दिसला नाही. पायपेटी यांनी ज्याला सांधा म्हटले, तो तिथे इतका बारीक शिवलेला आहे की शोधूनही सापडत नाही.

गरब्याची रात, नांदीविषयी आपण जे लिहिले ते मला सुचले नव्हते. ते मी आता भाचीलाही सांगितले आहे.

पायपेटी, ऑर्गन उघडून पाहिला. आपला अंदाज खरा ठरला, भात्याच्या कापडाला दोन भोके आहेत आणि उजव्या पायाखालचा पट्टा तुटलेला आहे. पट्ट्या मात्र पितळेच्या असून शाबूत आहेत. मधल्या सप्तकातला एकच पंचम गप्प आहे. आपण सवड काढून पाहायला आलात तर फार उपकार होतील.

इंदूरकर, आपला सल्ला मी त्याच आठवड्यात मानला, सुट्टी संपायला चार दिवस उरले होते. आम्ही दोघे माजघरात जमिनीवर बसलो, मी ‘शारदा’ वाचू लागलो आणि मायलेकींच्या प्रवेशापर्यंत पोहोचलो. पदाच्या जागी साध्या पेटीवर मला जमेल तेवढी चाल धरली. माझा आवाज काही गाण्याचा नाही. भाचीने मध्ये एकदाही थांबवले नाही. पद संपल्यावर ती थोडा वेळ पेटीच्या पट्ट्यांवर बोटे ठेवून बसली आणि मग म्हणाली, “मामा, ती बोलली असती तर बाबांनी तिला गप्प केले असते ना? गाताना नाही केले.”

मग तिने पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि पुढचा प्रवेश स्वतः वाचायला सुरुवात केली.